पहिल्या बाकावरचा माणूस आणि आसाफाचं स्तोत्र

सलाम, ताई. तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी ते थोडक्यात सांगतो.

तुम्ही १४ वर्षं एका पतसंस्थेत कर्ज विभागात होता. एकाच घरातल्या पाच जणांच्या नावानं काढलेली, धड तारण नसलेली प्रकरणं सहीला आली. तुम्ही सही केली नाही. आधी तुम्हाला वसुलीला टाकलं आणि वर्षभरात राजीनामा द्यायला लावला. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यातला एक तुमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. त्याचा बंगला झाला, मुलगा कॅनडाला गेला आणि नाताळच्या उपासनेला तो पहिल्या बाकावर बसतो. तुम्ही चौथ्या बाकावरून त्याच्या मानेकडे बघत राहता आणि उपदेशातलं अक्षर कानात शिरत नाही. त्यात पुढच्या महिन्यात संडे स्कूलला बायबलमधलं स्तोत्र ३७, दुर्जनांवर जळू नको, ते लवकरच सुकून जातील असं सांगणारं, शिकवायची पाळी तुमच्यावर आली आहे. तुम्ही लिहिलंय, "जे मला पटत नाही ते पोरांना कोणत्या तोंडानं शिकवू? आणि माझा विश्वास राहिलाय का, हेच कळेनासं झालंय."

मी ३१ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, आता निवृत्त आहे. हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच जणांनी आणला आणि सुरुवातीच्या काही वर्षांत मी सगळ्यांना एकच गोळी दिली: देवाच्या काठीला आवाज नसतो, धीर धरा. पुढे लक्षात आलं की काहींच्या बाबतीत आवाजही नाही आणि काठीही नाही.

एक गोष्ट सांगतो. नगर जिल्ह्यातल्या एका गावात असताना माझ्या मंडळीत एक वजनदार गृहस्थ होते. त्यांनी एका विधवेच्या तीन एकरांच्या सातबाऱ्यावर कागद फिरवून स्वतःचं नाव चढवलेलं होतं. गावाला माहीत होतं, मंडळीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ती बाई कोर्टाच्या तारखांना एसटीनं जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. गृहस्थ ८४ वर्षं जगले आणि झोपेत गेले. ना आजार, ना मुलांची भांडणं. अंत्यविधीला तालुका लोटला होता. विधी मीच केला. माणसाचं आयुष्य किती क्षणभंगुर आहे ते सांगणारं स्तोत्र ९० वाचलं, कारण ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं आणि कोणाकडे बोट दाखवत नाही. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी पळवाट काढली.

मूठमाती द्यायला रांग लागली, तर रांगेत ती बाई. माझ्या पोटात गोळा आला. ती पुढे आली, वाकली, मूठभर माती टाकली, हात पदराला पुसले आणि बाजूला झाली. नंतर फाटकापाशी भेटली तेव्हा म्हणाली, "हयातभर माझी जमीन मागत होता, घे म्हटलं एक मूठ." आणि हसली. मग मला विचारलं, "पाळकबाबा, चहा झाला का तुमचा?"

जमीन तिला मी तिथे असेपर्यंत तरी परत मिळाली नव्हती. पुढच्या रविवारी ती नेहमीच्या जागी होती. तिचा विश्वास मी सांभाळतोय अशी तोपर्यंत माझी समजूत होती.

आता शास्त्राकडे येतो. तुम्ही स्तोत्र ३७ वर अडकलात, पण त्याआधी ७३ वाचायला हवं. ते आसाफाच्या नावावर आहे. आसाफ म्हणजे लेवी, उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला, आणि दाविद राजानं नेमलेला गायक. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात तो झांजा वाजवताना दिसतो. हे स्तोत्र त्यानं स्वतः रचलं की त्याच्या घराण्यातल्या पुढच्या कोणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की हा उपासनेत काम करणारा माणूस आहे. तुमच्या-माझ्यासारखा. देव चांगला आहे असं पहिल्या ओळीत म्हणतो आणि दुसऱ्याच ओळीत सांगतो की माझा पाय घसरलाच होता. का? दुर्जनांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

मग तो त्यांचं वर्णन करतो, ते जरा सावकाश वाचा. अंगं तुकतुकीत, डोळे चरबीनं पुढे आलेले, गळ्यात गर्वाची माळ, जुलूम अंगावर वस्त्रासारखा पांघरलेला. २८ ओव्यांपैकी १० त्यांच्यावरच खर्च केल्या आहेत. असं वर्णन दोन मिनिटं बघून करता येत नाही. हा माणूस दिवसेंदिवस त्यांच्याकडे टक लावून बसलेला आहे. तुम्हाला त्याची मान पाठ झाली आहे, तसंच.

इथे मला तुमचा प्रश्न जरा उसवावा लागेल, राग मानू नका. त्यात दोन प्रश्न एकात एक शिवलेले आहेत. पहिला: देव न्यायी असेल तर लोकांच्या ठेवी खाणारा सुखात कसा? दुसरा: मी सही केली नाही, मग मला काय मिळालं? पहिला प्रश्न न्यायाचा आहे. तो बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यानं विचारला, हबक्कूक संदेष्ट्यानं विचारला, सगळं गमावलेल्या ईयोबानं तर देवाला कोर्टातच खेचायला काढलं. तो प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. ज्याचा देवावर विश्वासच नाही तो कशाला विचारेल? दुसरा प्रश्न हेव्याचा आहे, आणि मनाला तोच पोखरतो. आसाफाचा मोठेपणा असा की त्यानं दुसरा आधी कबूल केला. मी मात्र कित्येक वर्षं माझा हेवा न्यायाच्या नावाखाली खपवला. माझ्याबरोबर शिकलेला एक जण मोठ्या शहरात गाडीतून फिरायचा आणि मी सहा महिन्यांचा थकलेला पगार मागायला कमिटीपुढे उभा असायचो. तेव्हा मी श्रीमंतांवर कोरडे ओढणाऱ्या आमोस संदेष्ट्यावर फार तावातावानं उपदेश करत असे.

हा हेवा आपल्यात येतो कुठून? थोडा दोष आमचा, म्हणजे पाळकांचा आहे. उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या आम्ही वेदीवरून वाचतो. नवीन गाडी घेतल्याबद्दल ५०१ रुपये. मुलाला व्हिसा मिळाल्याबद्दल १००१. फ्लॅटचा ताबा मिळाला, प्रमोशन झालं. यात वाईट काही नाही, माणसानं आनंदात देवाचे आभार मानावेत. पण ३१ वर्षांत माझ्या हातात अशी एकही चिठ्ठी आली नाही की "खोट्या कागदावर सही केली नाही, नोकरी गेली, प्रभूची उपकारस्तुती, ११ रुपये." दर रविवारी गाडी, व्हिसा आणि फ्लॅट हीच देवाच्या कृपेची खूण म्हणून ऐकल्यावर बंगलेवाला देवाचा जास्तच लाडका दिसणार. त्या हिशोबानं केडगावच्या पंडिता रमाबाईंचं काय करायचं? शेकडो निराधार बायकापोरींना त्यांनी आसरा दिला आणि एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. ते शेवटचे महिने बायबलच्या मराठी भाषांतरात गेले. सुख-संपत्तीचं गणित मांडणाऱ्या उपदेशकाला त्यांच्या आयुष्याची बेरीज करताच येणार नाही.

स्तोत्र वळतं सतराव्या ओवीत. हे समजून घ्यायला गेलो तेव्हा फार कष्ट झाले, आसाफ म्हणतो, देवाच्या पवित्रस्थानात गेलो तोपर्यंत. तिथे त्याला काय दिसलं ते तो सांगत नाही. उपदेशक मंडळी तिथे काहीतरी दर्शन वगैरे घालतात, पण स्तोत्रात दर्शन नाही. मला वाटतं एक साधी गोष्ट आपण विसरतो: पवित्रस्थानात जाणं ही आसाफाची ड्यूटी होती. मन उडालेलं असताना तो झांजा घेऊन कामावर गेला. तिथे वेदीचा धूर होता, बैल आणणारे होते, आणि दोन पारवे घेऊन आलेली गरीब माणसंही असणार, कारण ज्याला मेंढरू परवडत नाही त्यानं पारवे आणावेत अशी सोय लेवीयच्या पुस्तकात आहे. घरी बसून तो फक्त एकाच तऱ्हेच्या माणसांकडे बघत होता. इथे बाकीची मंडळी दिसली.

म्हणून तुम्ही उपासना सोडू नका एवढंच मी म्हणेन. चौथा बाक मात्र खुशाल सोडा. मागे बसा, खांबाआड बसा, जिथून ती मान दिसत नाही तिथे. हा सल्ला फार आध्यात्मिक वाटत नाही हे मला कळतं. मी तो काही जणांना दिला आहे आणि तो उपयोगी पडतो.

पंधरावी ओवी संडे स्कूलच्या शिक्षिकेसाठीच लिहिल्यासारखी आहे. आसाफ म्हणतो, मनातलं सगळं तसंच बोललो असतो तर तुझ्या लेकरांच्या पिढीशी बेइमानी झाली असती. आणि तरी शेवटी त्यानं ते सगळं लिहिलं, चालीवर बसवलं आणि सगळ्या इस्राएलाला गायला दिलं. म्हणजे त्यानं शंका दडपली नाही. ती कोणापुढे आणि कधी काढायची ते मात्र ठरवलं. तुम्हीही हे आधी दोन मोठ्या माणसांपुढे बोला, मग पोरांपुढे जा.

पुढच्या ओव्यांत आसाफ दुर्जनांचा शेवट सांगतो: ते निसरड्या जागी उभे आहेत, जागं झाल्यावर स्वप्न विरावं तसे जातील. इथे जपून वाचा. त्यांचा शेवट आपल्याला समजला असं तो म्हणतो. ते पडलेले पाहिले असं म्हणत नाही. आपण मात्र शेजाऱ्याच्या बंगल्याला तडे जायची वाट बघत बसतो, आणि तडे गेले नाहीत की देवावर रुसतो.

हिटलरला विरोध करणाऱ्या जर्मनीतल्या एका पाळकाचं सांगतो. डीट्रिख बोनहोफर. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी यहुद्यांची सभास्थानं जाळली, तेव्हा त्यानं आपल्या बायबलमध्ये स्तोत्र ७४ च्या आठव्या ओवीशेजारी तारीख टिपून ठेवली. देशातली देवाची सगळी सभास्थानं त्यांनी जाळून टाकली, अशी ती ओवी आहे. ७४ सुद्धा आसाफाच्याच नावावर आहे, ७३ च्या पाठीला पाठ लावून. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली. दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य तिथे पोहोचलं. त्याला शिक्षा ठोठावणारा होता एसएसचा, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाचा, न्यायाधीश ओटो थोरबेक. युद्धानंतर तो वकिली करत होता. खटला झाला, खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, आणि १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या वरच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. बोनहोफरवरचा निकाल रद्दबातल असल्याचं बर्लिनच्या कोर्टानं जाहीर केलं ते १९९६ मध्ये, फाशीनंतर ५१ वर्षांनी. याच जन्मात सगळं फिटतं असं ज्याला म्हणायचंय त्यानं हा हिशोब मला जुळवून दाखवावा.

खुद्द आपल्या शुभवर्तमानातही तसंच आहे. ख्रिस्ताला मरणदंड झाल्यावर तो देणारा रोमी सुभेदार पिलात खुर्चीवर राहिला, कयफा मुख्य याजक राहिला, आणखी काही वर्षं दोघांचंही बरं चाललं. तिसऱ्या दिवशी उठलेला प्रभू कुठे गेला? मी असतो तर आधी पिलाताच्या वाड्यावर गेलो असतो, त्याचं तोंड बघायला. प्रभू बागेत रडणाऱ्या मरियेकडे गेला, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांबरोबर चालला, तळ्याकाठी मासे भाजत बसला. पिलात आणि कयफाकडे तो फिरकल्याचं चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. न्याय होणार आहे असं आपण विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, दर रविवारी म्हणतो आणि मी ते मनापासून म्हणतो. पण ते काम त्यानं स्वतःच्या हातात ठेवलंय आणि घाईही केलेली नाही.

याचा अर्थ हात जोडून गप्प बसायचं असा काढू नका. आपल्या मंडळीतला हा जुना रोग आहे. कोणी तक्रार करायला निघालं की चार जण "प्रभूवर सोपवा" म्हणतात, आणि त्यातले दोघे पहिल्या बाकावरचे असतात. लूकच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं न थकता प्रार्थना कशी करावी याचं उदाहरण दिलं ते एका विधवेचं, जी मस्तवाल न्यायाधीशाच्या दारी खेटे घालून त्याला जेरीस आणते. प्रार्थनेचा धडा त्यानं कोर्टाच्या पायरीवरून घेतला. पतसंस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी, नसेल तर ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते. तालुक्याला सहकार खात्याचे सहाय्यक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक बसतात. कलम ८३ खाली चौकशी होऊ शकते आणि कलम ८८ खाली जबाबदार माणसांवर नुकसानीची रक्कम बसवता येते. तुमच्याकडे जे कागद रीतसर आलेले असतील ते नीट लावून ठेवा, तारखा लिहून काढा, वकिलाला दाखवा. आणि एकट्या जाऊ नका, चार ठेवीदार बरोबर घ्या. अशा प्रकरणात एकटी बाई दिसली की लोक फोनवरून धमक्या द्यायला लागतात.

मंडळीत काय करायचं? मत्तयाचा अठरावा अध्याय सांगतो की आधी एकट्यात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. तुम्ही त्याच्याशी एकदा तरी बोललात का, ते पत्रात नाही. धोका वाटत असेल तर पहिली पायरी पाळकांना बरोबर घेऊनच चढा. त्यांना सांगा, त्यांना कदाचित खरंच माहीत नसेल. माहीत असूनही ते गप्प असतील, तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्यांच्यासमोर ठेवा: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा." पहिल्या बाकाचं प्रकरण पहिल्या शतकापासून चालत आलेलं आहे. देणगी देणाऱ्याला बोलायला पाळक कचरतो हे मी स्वानुभवानं सांगतो, वर स्तोत्र ९० चं सांगितलंच.

कोणी तुम्हाला "माफ करा" म्हणेलच. माफ जरूर करा, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. पण क्षमा म्हणजे कर्जमाफी नव्हे. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय प्रभूला पाहायला झाडावर चढला होता, तो उतरला तेव्हा त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. त्यानंतर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झालं. ठेवीदारांचे पैसे तुमचे नाहीत, ते माफ करायचा अधिकार तुम्हालाही नाही.

तुमचा विश्वास राहिलाय का, असं विचारलंत. त्या सह्या करायच्या नव्हत्या तेव्हा तुमच्यापुढे कोण होतं? कोणी बघत नव्हतं, उलट सही केली असती तर शाबासकी मिळाली असती. आसाफ पुढे म्हणतो की मी जनावरासारखा झालो होतो, तरी तू माझा उजवा हात धरून होतास. तो हात त्याला मागे वळून पाहताना जाणवला. तुमच्या बाबतीत तो उजवा हात सहीचाच होता. एवढं मी म्हणतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

राहिलं स्तोत्र ३७. "मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमान टाकलेला मी पाहिला नाही," ही पंचविसावी ओवी पोरांना नियम म्हणून शिकवू नका. मीही म्हातारा झालो आणि मी पाहिला आहे. ती एका म्हाताऱ्याची साक्ष आहे, मनापासून दिलेली. त्याच पुस्तकात ४४ आणि ७३ ही स्तोत्रंही आहेत आणि ती कोणी फाडून टाकलेली नाहीत. पोरांना त्यातला सुरुवातीचा शब्द शिकवा. "संतप्त होऊ नको" असं आपण वाचतो तिथल्या हिब्रू शब्दाच्या मुळाशी जळणं आहे, आणि तो शब्द पहिल्या आठ ओव्यांत तीनदा येतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, जळफळाट: राग आणि हेवा दोन्ही एकदम. शेजारच्याला मोठं चॉकलेट मिळालं की काय होतं, ते पोरांना विचारा. त्यांना हे स्तोत्र तुमच्या-माझ्याआधी कळेल.

आणि वेळ उरला तर स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्यांचं आहे. "किती काळ" हा प्रश्न त्यात पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा आहे. एसटीच्या प्रवासात पोरं "अजून किती वेळ?" म्हणून बापाचं डोकं खातात, तसा. सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावा, चारही वेळा, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर म्हणा.